पत्त्याची ओळ

फ्लेक्सवाल्याकडे चार दिवसांची रांग होती,
नोटिशीतल्या सात दिवसांतले पाच संपले होते,
म्हणून कुळमणी स्वाईं माझ्याकडे आला.
घणसोलीत हाताने अक्षरं काढणारा
मी बहुधा शेवटचाच. तोही दिवसाआड.

मराठी मोठं पाहिजे, इंग्रजी बारीक, तो म्हणाला.
किती मोठं, ते हवेत वीत धरून दाखवलं.
नाव?
बळदेवजीऊ सॅनिटरी.
मी खडूने लिहिलं, बलदेव.
त्याने खांद्यावरच्या फडक्याने ल पुसला.
‘ळ,’ म्हणाला. जीभ वळवून, स्वच्छ.
माझ्या नातवाला अजून जमत नाही तसा.

मला वाटलं, धसक्याने शिकला असणार.
मागच्या महिन्यात चौघं आली होती, मोबाइल समोर धरून:
नळ विकतोस ना, मग बोल, नळ.
तो बोलला. नळ. वरून कमळ. वरून केळफूल.
त्यांचा व्हिडिओ फुकट गेला.

‘ळ आमच्यात पण आहे,’ त्याने सांगितलं,
‘केंद्रापाड्याला बोअरिंगला नळकूप म्हणतात.
देवाच्या नावात आहे, माझ्या नावात आहे.
कोणी विचारत नाही.’
मीही विचारलं नव्हतं.
निळ्यावर पांढरा ळ काढला,
पोटं जरा जास्तच गोल झाली.

गाळा मढवींचा.
अकरा महिने झाले की मढवी येतात,
काउंटरवरची एल्बो उचलतात, ठेवतात, भाडं सांगतात.
‘माझ्या बापाचं भात सेक्टरच्या पोटात गेलं,
आता हे तीनच गाळे पिकतात, बाबा.’
हे त्यांनी मलाही सांगितलंय, खोटं नाही.
पण वाढलेले साडेतीन हजारही खोटे नव्हते.

पाटी परत आली, सायकलला आडवी बांधून.
फक्त खालची ओळ बदला. रबाळे.
मग दीड वर्षाने, दिघा.
मधे एका टॉवरचा ठेकेदार
एक्केचाळीस हजारांचे पाइप उधार नेऊन
टॉवर पुरा झाल्यावर दिसेनासा झाला.
बँकेला लाइट बिल हवं होतं, दुकानदाराच्या नावाचं.
बिल मालकाच्या नावाचं, उधारी मात्र ह्याच्या.
गिऱ्हाइकं दुकानात येऊन नळाचा फोटो काढत,
घरी जाऊन मोबाइलवर मागवत,
आणि आटे जुळले नाहीत की
बसवायला ह्यालाच बोलवत.
‘जातोस?’ मी विचारलं.
‘पाणी वाया जातं ना,’ म्हणाला.

यंदा पाटी चौथ्यांदा आली.
मी ब्लेडने खालची ओळ खरवडायला घेतली
तर दिघ्याखालून रबाळे वर आलं,
रबाळ्याखालून घणसोलीचा घ,
आपलं गाव आहे का अजून, असं विचारल्यासारखा.
इतके थर की ती कड बोटाला लागते,
जुनी जखम लागावी तशी.

‘आता कुठे?’
त्याने ऐरोली म्हटलं, मग थांबला.
‘पत्ता राहू द्या. फोन नंबर टाका.
फोन बदलत नाही.’

मी दहा आकडे काढले.
आकडा काढायला अक्षरापेक्षा कमी वेळ लागतो
तरी त्या दिवशी संध्याकाळ झाली.
वरच्या ओळीला हात लावायची वेळ कधीच आली नाही,
एवढ्या उन्हातान्हात ळ तेवढाच गोल.

पैसे नको म्हणालो.
तो काही बोलला नाही.
आत गेला, मोरीत वाकला,
माझ्या नळाचं वॉशर बदललं,
जुनं वॉशर खिशात टाकून
पाटी सायकलला बांधायला लागला.

तो नळ सहा वर्षं टपटपत होता.
रात्री घर एवढं गप्प झालं
की मला बराच वेळ झोप आली नाही.